पाम पायलटवरचा उड्यांचा खेळ पारखायचा कसा?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा खानापूरहून आमच्याकडं बेळगावातल्या वडगावला आला होता. कपाटातला माझा पाम थ्री, म्हणजे खिशात मावणारा जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गनायझर, त्याच्या हाती लागला. दोन सेल घालून मी त्याला एक प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे फळ्या-खड्ड्यांवरून उड्या मारत पुढं जायचा खेळ, लावून दिला. पाच मिनिटं झाली नाहीत तोवर आतून आवाज आला, "मामा, उडी मारूलोय की, पण हे ऐकेना झालंय."

मी त्याला विचारलं, "खेळ वाईट आहे, बटण खराब आहे, का तुझा अंगठा उशिरा पडला?" त्याला सांगता आलं नाही. हातातल्या जुन्या ऑर्गनायझरवरचा खेळ पारखायचा म्हणजे ह्याच तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करायच्या. भाच्याला शिकवताना जे जे सांगितलं, तेच इथं क्रमानं लिहितो आहे. यंत्र तुमच्याकडं असो किंवा संगणकावरचा एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम असो, क्रम हाच ठेवा.

आधी यंत्राची कुवत समजून घ्या

पायलट १००० आणि पायलट ५००० ही पामची पहिली दोन यंत्रं १९९६ साली आली. पत्ते, तारखा, कामांची यादी आणि टिपणं खिशात ठेवायला ती बनवलेली होती. खेळ हा त्यातला वरचा पाहुणा. पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा. आत मोटोरोलाचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर, १६ मेगाहर्ट्झचा. पायलट १००० मध्ये मेमरी फक्त १२८ केबी होती. १९९८ च्या पाम थ्रीमध्ये ती २ एमबीवर गेली.

आता गेम बॉय शेजारी ठेवून बघा. तो १९८९ चा, पडदा १६० बाय १४४, म्हणजे जवळपास तेवढाच. पण गेम बॉयमध्ये हलणारी चित्रं उचलून ठेवायला आणि मागचा देखावा सरकवायला वेगळी सर्किटं आहेत. पामला तसलं काहीच नाही. हिरो, शत्रू, विटा, ढग, सगळं एकटा प्रोसेसर ठिपक्या-ठिपक्यानं काढतो. करड्याच्या चार छटा वापरल्या तर एक पूर्ण पडदा ६,४०० बाइटचा होतो. सेकंदाला २० वेळा तो नव्यानं काढायचा, तर १,२८,००० बाइट नुसते चित्रासाठी हलवावे लागतात. उडीचं गणित, टकरी आणि आवाज त्यातूनच उरलेल्या वेळात. म्हणून पामवर एखादा खेळ गुळगुळीत सरकताना दिसला की मला त्या लिहिणाऱ्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो. तुम्हीही गुण देताना हा हिशेब डोक्यात ठेवा. मोबाइलच्या मापानं पाम मोजला तर प्रत्येक खेळ नापास होईल आणि चांगला कुठला, टाकाऊ कुठला हे कळणारच नाही.

कुठल्या यंत्रावर खेळताय तेही महत्त्वाचं. पाम थ्री-सी हे २००० सालचं, २५६ रंगांचं आणि २० मेगाहर्ट्झचं. पुढं ३३ मेगाहर्ट्झची यंत्रं आली. १६ मेगाहर्ट्झ धरून लिहिलेला आणि खऱ्या वेळेशी न बांधलेला खेळ त्यांच्यावर पिसाटल्यासारखा पळतो. २००२ च्या टंगस्टन टी ह्या पामपासून तर प्रोसेसरची जातच बदलली. थेट पडद्याच्या रजिस्टरांना (पडदा चालवणाऱ्या चिपमधल्या खणांना) हात घालणारे जुने खेळ तिथं बंदच पडतात. तो खेळाचा दोष नव्हे. जो खेळ ज्या यंत्रासाठी लिहिला, त्याच यंत्रावर त्याला तोला.

खेळ उघडण्याआधी

सेल नवे घाला. ट्रिपल-ए, दोन. जुने काढून नवे घालायला तुमच्याकडं मिनिटभराचाच वेळ असतो, त्याहून उशीर झाला तर मेमरीतलं सगळं पुसलं जाऊ शकतं. नवे सेल आधी वेष्टनातून काढून शेजारी ठेवा, मगच झाकण उघडा.

डाव्या कडेला कॉन्ट्रास्टचं चाक आहे. ते फिरवून काळा ठिपका काळा आणि रिकामी जागा स्वच्छ दिसेल इथं थांबा. मग उजेडाला बसा. पामचा करडा पडदा बाहेरच्या उजेडावरच चांगला दिसतो. आमच्या कट्ट्यावर दुपारी चार वाजता तो जेवढा स्पष्ट दिसतो, तेवढा ट्यूबलाइटखाली दिसत नाही. पाम थ्री-सीचं उलटं, त्याला उन्हात धरलं की रंग धुऊन गेल्यासारखे होतात.

यंत्राच्या पाठीवर एक बारीक भोक आहे, ते रिसेटचं. खेळ अडकला आणि 'फेटल एक्सेप्शन'ची चौकट आली तर तिथं टाचणीनं हलकेच दाबा. फक्त एवढंच दाबलं तर आतला मजकूर राहतो. पॉवरचं बटण दाबून धरून तेच केलं तर मात्र यंत्र सगळं पुसायचं का म्हणून विचारतं. नवख्या माणसानं हा फरक पहिल्या दिवशीच पाठ करावा.

एम्युलेटरवर खेळत असाल तर क्लाउडपायलट नावाचा एम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतो. इंटरनेट आर्काइव्हवरही पामच्या जुन्या सॉफ्टवेअरचा मोठा संग्रह आहे, तिथलं बरंच काही तिथल्या तिथं चालवून बघता येतं. खेळाची ओळख करून घ्यायला हे उत्तम. पण बटणं आणि पडदा ह्या दोन गोष्टींवर एम्युलेटर बघून निकाल देऊ नका. त्या हातातच कळतात.

पहिली दहा मिनिटं फक्त उडी

सपाट जागा शोधा आणि पुढं जाऊच नका. उभ्या उभ्या उडी मारा. बटण टिचकी मारून सोडा, मग दाबून धरा. दोन्ही उड्या सारख्याच उंच गेल्या तर खेळात एकच उडी आहे. त्यानं खेळ वाईट ठरत नाही, पण मग प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक फळी त्या एकाच उडीच्या मापाची असायला हवी. लहान टिचकीला लहान उडी आणि दाबून धरल्यावर मोठी उडी मिळाली, तर लिहिणाऱ्यानं उडीवर खरोखर जीव लावला आहे असं समजा.

उडीच्या आत काय चालतं ते एकदा कागदावर मांडा. समजा हिरो पहिल्या फ्रेमला (फ्रेम म्हणजे पडदा एकदा नव्यानं काढणं) ८ ठिपके वर जातो, दुसऱ्या फ्रेमला ७, मग ६, असं कमी होत जातं. आठ फ्रेममध्ये तो ३६ ठिपके चढला. उतरायला तेवढ्याच फ्रेम. सेकंदाला २० फ्रेम असतील तर अख्खी उडी ०.८ सेकंदाची झाली. १६ ठिपक्यांची वीट धरली तर हा हिरो दोन विटा चढेल, तीन नाही. आता खेळात बघा: तीन विटांची भिंत समोर ठेवून वर नाणं लावलंय का? लावलं असेल तर जवळपास पायरी किंवा हलती फळी असायला हवी. नसेल तर तिथं लिहिणाऱ्याची चूक आहे, तुमची नाही.

मग पळत उडी. आमच्या गल्लीत पावसाळ्यात गटार भरून वाहायचं आणि आम्ही पोरं ते ओलांडायचो. पाय उचलायच्या आधीच कळायचं, हे जमणार का बुडणार. चांगल्या खेळात अंगठ्याला तसंच कळतं. पाच-सहा वेळा उडी मारल्यावर खड्डा बघूनच सांगता आलं पाहिजे की हा पार होईल. दहा मिनिटांनंतरही प्रत्येक उडी जुगार वाटत असेल तर वहीत तसं लिहा.

कडेवर काय होतं तेही बघा. हिरोचा पाय कडेपासून दोन ठिपके पुढं गेला आणि तुम्ही नेमकं तेव्हाच बटण दाबलं, तर उडी लागते का? पडदा जेमतेम सहा सेंटिमीटरचा. त्यावर दोन ठिपके म्हणजे मिलिमीटरसुद्धा नाही. तेवढं माफ करणारा खेळ खेळणाऱ्याला समजून घेतो. जमिनीला टेकायच्या एक फ्रेम आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवून टेकताच उडी देणारा खेळ त्याहून चांगला. ह्या दोन्ही गोष्टी कुठल्याही मदत-पानावर लिहिलेल्या नसतात. त्या शोधाव्या लागतात.

भाच्याचं "ऐकेना झालंय" तपासायला आम्ही मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा वापरला. पाम टेबलावर, मोबाइल पुस्तकांच्या ढिगावर, बटण आणि पडदा दोन्ही चौकटीत. सेकंदाला २४० चित्रं. खेळ २० फ्रेमनं चालत असेल तर खेळाची एक फ्रेम म्हणजे आपल्या चित्रफितीतली १२ चित्रं. अंगठा खाली टेकला तिथपासून हिरोचे पाय सुटेपर्यंत चित्रं मोजायची. पंधराच्या आसपास आली तर खेळ ऐकतो आहे. तीसच्या पुढं गेली तर उशीर खेळाचा आहे. पण एकदा मोजून थांबू नका, दहा उड्या मोजा. भाच्याच्या दहापैकी आठ उड्या सोळा चित्रांच्या आतच सुटल्या होत्या. उरलेल्या दोन वेळा त्याचा अंगठा दोन बटणांच्या मधल्या फटीत पडला होता, ते चित्रफितीत स्वच्छ दिसलं. पोराचा चेहरा उजळला. दोष सापडला की खेळायला पुन्हा हुरूप येतो.

बटणांची परीक्षा

पामला चार गोल बटणं आहेत: तारखांचं, पत्त्यांचं, कामांचं, टिपणांचं. मधोमध वर-खाली करायचं बटण. खेळाच्या वेळी डावीकडची दोन बहुधा डावं-उजवं होतात आणि उजवीकडचं एखादं उडीचं. डाव्या अंगठ्याला दोन बटणांवर लोळवत राहायचं असतं, उचलायचं नसतं. हे जमायला दोन दिवस जातात, तेवढे खेळाला द्या.

आता एक खूण सांगतो, ही फार कामाची आहे. हिरोला उजवीकडं नेणारं बटण दाबून धरा. हिरो एक पाऊल टाकून क्षणभर थबकला आणि मग पळायला लागला, तर तो खेळ बटणाची अवस्था थेट वाचत नाही. टिपणात अक्षर खाली सरकवताना बटण दाबून धरल्यावर जे होतं, तसलीच घटना तो वापरतो आहे. प्लॅटफॉर्म गेममध्ये ही मोठी चूक आहे आणि नुसत्या सरावानं ती भरून निघत नाही. पळता पळता उडी, उडीत असताना गोळी, असं दोन आणि तीन बटणं एकदम दाबूनही बघा. एखादी जोडी चालत नसेल तर कुठली ते नावानिशी लिहा.

आणि बटणं बदलायची सोय आहे का? डावखुऱ्या माणसासाठी ती चैन नव्हे, गरज आहे.

दिसतं का, आणि ठोका चुकतो का

करड्या पामच्या पडद्यावर हलत्या वस्तूची सावली मागं रेंगाळते. हिरो पळाला की त्याच्यामागं धुराची शेपटी दिसते. बारीक रेघांनी काढलेला हिरो पळताना जवळजवळ नाहीसाच होतो. म्हणून चांगला चित्रकार इथं जाड काळी कड आणि भोवती एक ठिपका पांढरी मोकळी जागा ठेवतो. मागचा देखावा तो जवळजवळ रिकामा सोडतो. नवख्याला तो रिकामेपणा आळस वाटतो. पळून बघा, मग पटेल. छायाचित्रात सुंदर दिसणारा, मागं डोंगर-झाडं भरलेला खेळ हातात घेतल्यावर शत्रू कुठला आणि झुडूप कुठलं कळत नाही, हे मी कितीदा तरी अनुभवलं आहे. स्थिर चित्र बघून खेळाबद्दल एक ओळही लिहू नका.

वेगाचं म्हणाल तर, आमच्या वडगावात, शहापुरात राहणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. शेजारी माग चालू असतो. धोटा इकडून तिकडं जातो, ठोका पडतो, आणि आपण त्या ठोक्यात जेवतो, झोपतो, पुस्तक वाचतो. ठोका चुकला की मात्र घरातलं पोरसुद्धा मान वर करतं, धागा तुटला. खेळाच्या फ्रेमचं तसंच आहे. सेकंदाला १५ फ्रेम असल्या तरी चालतं, ठोका एकसारखा हवा. पडद्यावर एकाच वेळी तीन-चार शत्रू येतील अशी जागा गाठा आणि तिथं उडी मारा. मघाची ०.८ सेकंदाची उडी तिथं दीड सेकंद हवेत तरंगत राहिली, तर खेळाचा ठोका तुटला. अवघड जागीच उडी बदलते म्हणजे शिकलेलं सगळं वाया. माझ्या मते उडीतल्या उशिराखालोखाल हाच सगळ्यात मोठा दोष. वीस फ्रेमवरून दहावर कोसळणाऱ्या खेळापेक्षा कायम बारावर चालणारा खेळ मी केव्हाही वर ठेवीन.

आवाजाला फार वेळ देऊ नका. यंत्रात बारीकसा पीं-पीं करणारा बझर आहे, त्यातून सूर काय निघणार? उडी आणि मार ह्यांचे आवाज वेगळे ओळखू यावेत आणि सगळेच बंद करता यावेत, एवढं पुरे.

पातळी न्यायानं रचली आहे का

हिरो पडद्याच्या मधोमध असेल तर पुढचे ८० ठिपकेच दिसतात. फ्रेमला ४ ठिपके आणि सेकंदाला २० फ्रेम ह्या वेगानं तो पळत असेल, तर कडेला उगवलेला काटा त्याच्यापर्यंत बरोबर एका सेकंदात पोचतो. एका सेकंदात बघणं, ठरवणं आणि अंगठा दाबणं जमतं. वेग दुप्पट केला तर अर्धा सेकंदच उरतो, मग पाठांतराशिवाय गत्यंतर नाही. काही खेळ हिरोला मागच्या बाजूला सरकवून पुढं जास्त जागा दाखवतात. काही पडदा सरकवतच नाहीत. हिरो कडेला पोचला की पुढचं दालन एकदम उघडतं. ह्या दुबळ्या प्रोसेसरवर हा दुसरा मार्ग मला जास्त प्रामाणिक वाटतो. पण तिथं एक बघायचं: नव्या दालनात पाऊल टाकताक्षणी शत्रू अंगावर येत असेल तर तो अन्याय आहे. न दिसणाऱ्या खड्ड्यात वरून उडी टाकायला लावणंही तसंच.

मेलात तेव्हा स्वतःला विचारा, का मेलो ते कळलं का? कळलं असेल तर खेळ कठीण आहे. कळलं नसेल तर खेळ वाईट आहे. दहा मरणांची नोंद करा, प्रत्येकासमोर कारण लिहा. दहापैकी किती वेळा कारण लिहिता आलं, ते कुठल्याही गुणांपेक्षा जास्त सांगून जातं.

आमच्या भागात आणखी एक कसोटी आपोआप मिळते. गल्लीत एक पोर मराठी शाळेचं, शेजारचं कन्नड शाळेचं, आणि खेळातल्या सूचना इंग्रजीत. दोघांना एकाच कट्ट्यावर बसवा आणि काही न सांगता यंत्र हातात द्या. पहिल्या पडद्यावर हिरोसमोर छोटा दगड आहे, त्यावरून उडी मारल्याशिवाय पुढं जाता येत नाही, पडलं तरी मरत नाही. अशी रचना असेल तर दोन्ही पोरं अर्ध्या मिनिटात खेळायला लागतात. एक अक्षरही न वाचता जो खेळ शिकवतो, तो पहिल्या पातळीपासून विचार करून रचलेला असतो. सूचना वाचल्याशिवाय किल्ली कुठली आणि दार कुठलं कळत नसेल, तर तशी नोंद करा.

मधेच सोडून बघा

हा भाग लोक विसरतात आणि ऑर्गनायझरवर तो फार महत्त्वाचा आहे. पामवर माणूस खेळतो तो निपाणीची बस यायला वेळ असतो तेव्हा, डॉक्टरच्या दारात नंबर लागायचा असतो तेव्हा. खेळ केव्हाही थांबवावा लागतो. पाम ओएसमध्ये, म्हणजे पामच्या कार्यप्रणालीत, दुसरं काही उघडलं की चालू असलेला खेळ बंद होतो, मागं चालत राहत नाही. म्हणून ऐन उडीत असताना पडद्याखालच्या 'अ‍ॅप्लिकेशन्स'च्या चित्रावर स्टायलस टेकवा, पत्त्यांची वही उघडा, परत या. हिरो होता तिथंच हवेत सापडला तर उत्तम. निदान त्या पातळीच्या सुरुवातीला तरी हवा. पहिल्या पातळीवर फेकला गेला तर खेळ ह्या यंत्राच्या स्वभावाला धरून नाही.

मग तारखांच्या वहीत पाच मिनिटांनंतरचा गजर लावा आणि खेळत बसा. गजराची चौकट आली की खेळ थांबतो का? चौकट मिटवल्यावर हिरो आपोआप खड्ड्यात गेलेला असतो का? शेवटी खेळ चालू ठेवून हात बाजूला घ्या आणि यंत्राला आपणहून बंद होऊ द्या. परत चालू केल्यावर सगळं जागेवर हवं. मात्र तुम्ही बटणं दाबत असतानाच पडदा विझला, तर ती खेळ लिहिणाऱ्याची हयगय.

एका पावसाळ्यात मी पाम कपाटात ठेवला आणि महिनाभर विसरलो. सेल उतरले आणि शेवटच्या पातळीपर्यंत नेलेला खेळ, सोबत आईनं सांगितलेल्या पाककृतींची टिपणं, सगळं गेलं. खेळ पुन्हा खेळता आला. टिपणांचं दुःख अजून आहे. ह्या यंत्रांची साधी मेमरी सेलवर जगते हे मला तोवर नीट उमगलं नव्हतं.

निकाल लिहिताना

दहापैकी साडेसात असलं काही लिहू नका, त्यातून वाचणाऱ्याला काही मिळत नाही. यंत्र कुठलं, पाम ओएसची आवृत्ती कुठली, किती तास खेळलात आणि कुठल्या पातळीपर्यंत, हे पहिल्या ओळीत. मग उडीबद्दल निदान तीन वाक्यं. बाकीचं त्यानंतर. भाच्यानं त्या खेळाबद्दल वहीत लिहिलं ते असं: "पाम थ्री, चार तास, सहावी पातळी. दाबून धरलं की उंच उडी. कडेवर माफी नाही. तीन शत्रू आले की खेळ जड होतो. दहा वेळा मेलो, आठ वेळा का ते कळलं. खेळातून बाहेर पडून परत आलो तर पातळी पहिल्यापासून सुरू झाली, पण तीच पातळी." ह्याहून चांगलं परीक्षण मी तरी क्वचित वाचलं आहे. वाचणाऱ्याला खेळ घ्यायचा का नाही ते ह्यातून ठरवता येतं.

पहिल्या दिवशीचा निकाल आठ दिवस तसाच ठेवा आणि परत खेळा. बटणांची सवय झाल्यावर माझी अर्धी मतं बदलतात.

यंत्र बाजूला ठेवण्याआधी बॅकअप घ्या. पाम थ्रीचं क्रेडल (यंत्र बसवून संगणकाला जोडायचं स्टँड) जुन्या नऊ पिनांच्या सीरियल पोर्टचं आहे, आजच्या लॅपटॉपला मधे यूएसबीचा अडॅप्टर लागतो. लिनक्सवर पायलट-लिंक नावाचा प्रोग्रॅम अजून हे काम करतो. शेजारी दुसरा पाम थ्री असेल तर दोन्ही समोरासमोर धरून इन्फ्रारेडनं खेळ पाठवता येतो, मधे फक्त टीचभर अंतर ठेवायचं. बॅकअप झाला की सेल काढून घ्या. आतल्या आत ते फुटले तर पितळी पट्ट्यांवर हिरवट पूड चढते, आणि मग बटण कितीही दाबा, पडदा उजळत नाही.